घराजवळील झाडे (बेळगाव परिसर)

घराच्या आवारात, परड्यात किंवा कुंपणालगत वाढणाऱ्या झाडाचा उपयोग आणि धोका या दोन्ही गोष्टी जात, जमीन आणि घरापासूनचे अंतर यांवर ठरतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे. पश्चिमेला खानापूर-कणकुंबीकडे पाऊस मुसळधार पडतो, तर पूर्वेला अथणीकडे जेमतेम. त्यामुळे अथणीत कडुलिंब दारात हवाच, पण खानापुरात दाट सावलीची झाडे भिंतीला खेटून नकोत.

उपयोग

खरा फायदा पश्चिमेच्या झाडाचा. एप्रिल-मेच्या दुपारी तापणारी भिंत आणि खिडक्या आंबा, करंज किंवा बकुळीच्या सावलीत आल्या की रात्री खोली लवकर निवते. पूर्वेला मात्र दाट सदाहरित झाड लावू नये. सकाळचे ऊन अडते, पावसाळ्यात भिंत वाळत नाही, बाहेर शेवाळ धरते आणि आत कपाटामागे बुरशी येते. दक्षिणेला बहावा किंवा तामण बरा. थंडीच्या सुमारास पाने झडू लागतात आणि ऊन आत येते. गळलेला पाला जाळण्यापेक्षा खड्ड्यात कुजवावा.

मुळे, पाया आणि गटार

झाडाचे मूळ धडधाकट पाइप फोडत नाही. जुन्या चिनी मातीच्या पाइपांचे सांधे झिरपतात, तो ओलावा शोधत केसासारखी मुळे आत शिरतात आणि तिथे जाड होतात. म्हणून गटार तुंबले की आधी सांधा दुरुस्त करावा. नुसती मुळे छाटल्यास ती पुन्हा येतात.

पायाचे नुकसान मुख्यतः मातीवर अवलंबून असते. शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारातली काळी चिकण माती सुकली की आकसते आणि भिजली की फुगते. मोठे झाड उन्हाळ्यात तिच्यातला ओलावा ओढून घेते आणि पाया एका बाजूने खचतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी, मे महिन्यात रुंदावणारी आणि ऑगस्टपर्यंत मिटत येणारी भेग ही याची खूण. अशा जमिनीत झाडाच्या पूर्ण वाढलेल्या उंचीइतके अंतर ठेवणे उत्तम. जुने झाड एकदम तोडणेही घातक ठरू शकते, कारण माती पुन्हा फुगून पाया वर उचलला जातो. तांबड्या जांभ्या मातीत हा त्रास फारसा नाही. तिथे अडचण वेगळी: खाली कठीण जांभा लागला की मुळे खोल न जाता पसरट राहतात आणि झाड वाऱ्याने बुंध्यासकट उलटू शकते.

सर्वसाधारण जमिनीत कढीपत्ता, पेरू, सोनचाफा 8 ते 10 फुटांवर, आंबा, जांभूळ, फणस 20 फुटांवर आणि गुलमोहर, पर्जन्यवृक्ष 35-40 फुटांपलीकडे लावावेत. वड-पिंपळ घराच्या आवारात लावूच नयेत. दत्तभक्तीमुळे अनेक घरांत औदुंबर असतो. त्याला पार बांधायचा तर बुंध्यापासून तीन-चार फूट माती उघडी सोडावी. भिंतीच्या फटीत किंवा कौलाखाली उगवलेले पिंपळाचे रोप वितभर असतानाच मुळासकट काढून फट चुन्याने किंवा सिमेंटने बुजवावी. वरून खुडले तर ते आत आणखी बळावते.

पडझड

झाडे बहुतेक दोन वेळा पडतात: वळवाच्या वावटळीत आणि जुलैत, जमीन चिंब होऊन पानांवर पाण्याचे ओझे असताना. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ, त्यामुळे त्याच्या फांद्या आधी मोडतात. नारळाची झावळी वजनदार असते, ती कौले फोडते. छपरावर शेंडा येणार असेल तिथे नारळ लावू नये. मात्र धडधाकट वाटणारे झाड पडते तेव्हा कित्येकदा दोष माणसाचा असतो. केबल, गटार किंवा फरशीसाठी एका बाजूची जाड मुळे तोडली की तोल जातो आणि झाड दोन-तीन पावसाळ्यांनी कोसळते. बुंध्यापाशी अळंबीचे कडे येणे, लाकडी हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज होणे, कललेल्या झाडामागची जमीन भेगाळणे, आंब्याच्या खोडातून भुसा गळणे: यांतले काहीही दिसले तर जाणकाराला दाखवावे.

छाटणी

छाटणी वळीव सुरू होण्याआधी, मार्चपर्यंत करावी. आंब्याची मात्र फळे उतरल्यावर. एका वर्षी पालवीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त काढू नये. सरसकट शेंडा मारणे ही सर्वांत वाईट सवय: कापाखाली धुमारे फुटतात, त्यांचा जोड वरवरचा असतो आणि काही वर्षांनी तेच मोडून पडतात. जाड फांदी तीन कापांत उतरवावी. खोडापासून फूटभरावर खालून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत चीर द्यावी. तिच्यापुढे दोन-तीन इंचांवर वरून कापावे, म्हणजे साल खोडापर्यंत सोलवटत नाही. मग उरलेला खुंट बुडाच्या फुगीर कड्याला न दुखावता काढावा. जखमेवर डांबर फासू नये, ओल आत कोंडते.

तारांजवळची फांदी स्वतः तोडू नये. ओल्या फांदीतून वीज वाहते. वीज कंपनी हेस्कॉमला 1912 वर कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. झाड पाडण्यासाठी 1976 च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, खासगी आवारातही. नारळ, निलगिरी, सुबाभूळ, सिल्व्हर ओक अशा काही जातींना सूट आहे, चंदनाला नाही.