बीडीएनएफ कमी आहे, पण कुठे?

‘स्वमग्नता (ऑटिझम) आता रक्ताच्या एका तपासणीत कळणार’ ही बातमी अधूनमधून फिरून येते. अशा बातम्यांत भेटणारं एक जुनं नाव म्हणजे बीडीएनएफ. चेतापेशी जगवणारं आणि त्यांचे जोड पक्के करणारं हे प्रथिन १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळं काढलं गेलं. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी १८ स्वमग्न प्रौढ पुरुषांच्या सीरममधलं बीडीएनएफ त्याच वयाच्या १८ इतर पुरुषांशी ताडून पाहिलं. स्वमग्न गटातली सरासरी निम्म्याहूनही कमी भरली. लहान मुलांच्या अभ्यासांत मात्र पुष्कळदा ती उलट जास्त सापडते.

खरी गंमत सीरममध्ये आहे. साध्या नळीत घेतलेलं रक्त आधी गोठू देतात, मग नळी गरागरा फिरवून वरचं पिवळसर पाणी काढून घेतात, तेच सीरम. गोठताना प्लेटलेट (हो, डेंग्यूत ज्यांचा आकडा घरोघरी विचारतात त्याच) आपल्या आतल्या सूक्ष्म पिशव्या बाहेर रित्या करतात. माणसाच्या रक्तातलं जवळजवळ सगळं बीडीएनएफ या पिशव्यांतच असतं आणि अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट या प्लेटलेटच्या मातृपेशी ते स्वतः तयार करतात. रक्त गोठूच न देता प्लाझ्मा काढला, तर त्याच माणसाचा आकडा साधारण शंभरपट खाली येतो. नळी गोठायला किती वेळ ठेवली, यावरही तो हलतो. उंदरांवर पडताळावं म्हटलं, तर त्यांच्या प्लेटलेटमध्ये हे प्रथिन जवळपास नसतंच!

म्हणजे सीरममधला आकडा मुख्यतः प्लेटलेटची कोठारं सांगतो, मेंदूतला साठा नाही. काही स्वमग्न मुलांच्या रक्तात सेरोटोनिन (मेंदूतही निरोप पोचवणारं एक रसायन) जास्त असतं हे १९६१ मध्येच दिसलं होतं. रक्तातलं सेरोटोनिनही प्लेटलेटमध्येच असतं, फक्त वेगळ्या जातीच्या पिशव्यांत, आणि मेंदूभोवतीचा रक्त-मेंदू अडथळा ते ओलांडत नाही. दोन्ही धागे प्लेटलेटपाशीच यावेत, हे मला त्या ‘तपासणी’पेक्षा कितीतरी रंजक वाटतं.

‘ग्रोथ फॅक्टर वाढवतो’ (बीडीएनएफ त्यांपैकीच एक) म्हणत पालकांना लाखोंची स्टेम सेल इंजेक्शनं विकणाऱ्यांना असल्या बारकाव्यांशी देणंघेणं नसतं. स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नये, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्येच सांगितलं आहे.

या विषयावरचा नवा अभ्यास हाती आला की मी निष्कर्ष नंतर वाचतो. आधी पाहतो ते हे: सीरम घेतलं की प्लाझ्मा, नळी किती वेळ ठेवली, आणि प्लेटलेट मोजल्या का.