कोतोहिरात थिएटर आलं कुठून?

शिकोकू बेटावर कागावा प्रीफेक्चरमध्ये कोतोहिरा नावाचं छोटंसं गाव आहे, ताकामात्सु शहरातून कोतोदेन रेल्वेची लोकल पकडली की साधारण तासाभरात पोचता. आणि एवढ्याशा गावात काबुकीचं, म्हणजे जपानच्या पारंपरिक नाटकाचं, जपानमधलं सगळ्यात जुनं शाबूत थिएटर आहे, कानामारु-झा, १८३५ चं. टोकियोत नाही, क्योटोत नाही, इथे. असं का, ते कळायला आधी डोंगरावरच्या देवाकडे जावं लागतं.

देवाचं नाव कोंपिरा. मूळ शब्द आपलाच, संस्कृतमधला कुंभीर, म्हणजे मगर! गंगेतली ही मगर बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोचली, तिथे पाण्याची राखणदार झाली आणि समुद्रावर पोट असलेले खलाशी, कोळी, व्यापारी सगळे तिचे भक्त झाले. १८६८ मध्ये मेइजी सम्राटाच्या नव्या सरकारने बौद्ध आणि शिंतो, म्हणजे जपानचा मूळचा धर्म, वेगळे करायचा हुकूम काढला तेव्हा या देवस्थानाचं कोतोहिरा-गू झालं, मुख्य देव ओमोनोनुशी हा शिंतो देव ठरला आणि कुंभीर कागदावरून गेला, पण लोक अजून कोंपिरा-सानच म्हणतात.

मेइजीच्या आधीच्या एदो काळात साध्या माणसाला उगाच भटकायला परवानगी नसायची पण देवाला चाललोय म्हटलं की मिळायची, त्यामुळे भक्ती किती आणि हौस किती ते देवच जाणे. इसेचं मोठं देवस्थान आणि कोंपिरा, आयुष्यात एकदा तरी. ओसाकाहून बोटीने मारुगामे बंदर, पुढे पायी. ज्याला जमत नव्हतं तो आपला कुत्रा पाठवायचा, खरंच, गळ्यात पिशवी, तिच्यात मालकाचं नाव, दक्षिणा आणि वाटखर्चाचे पैसे, आणि इतर यात्रेकरू त्याला सोबत घेऊन पुढे न्यायचे. या कुत्र्याचा पुतळा आजही देवळाच्या वाटेवर आहे.

यात्रा म्हटली की सराया आल्या, खाणंपिणं आलं आणि नाटकही आलंच. जत्रेच्या दिवसांत, वर्षातून तीनदा, तात्पुरतं नाटकघर उभं करायचे आणि जत्रा संपली की मोडायचे, आपल्याकडे जत्रेत तमाशाचे तंबू लागतात तसंच. शेवटी कायमच्या इमारतीला परवानगी मिळाली, त्यात लॉटरीचाही वाटा आहे, कारण सोडत याच इमारतीत व्हायची. देव, जुगार आणि नाटक एका गावात एकमेकांच्या जिवावर जगत होते म्हणा ना. नमुना घेतला ओसाकाच्या ओनिशी थिएटरचा. मोठ्या शहरांतली त्या काळातली थिएटरं आगीत गेली, पुन्हा बांधली, पुन्हा गेली. टोकियोची आजची काबुकी-झा तर २०१३ ची आहे. इथलं मात्र टिकलं.

आत शिरतानाच वाकावं लागतं, दार मुद्दाम बुटकं, त्याला उंदराचं दार म्हणतात, म्हणजे गर्दीतून कोणी फुकट घुसायला नको. आत खुर्च्या नाहीत, लाकडी पट्ट्यांनी आखलेले चौकोन, त्यात उशीवर मांडी घालून बसायचं. हानामिची, म्हणजे प्रेक्षकांमधून जाणारा नटांचा रस्ता, इतका जवळ की नटाच्या किमोनोची सळसळ ऐकू येते. अंधार करायचा असेल तर माणसं बाजूच्या खिडक्यांची दारं लावतात आणि फिरता रंगमंच खालून माणसंच ढकलतात, मोटर नाही.

मधला काळ मात्र वाईट गेला. मालक बदलले तशी नावं बदलली, कानामारु हे नाव १९०० चं. पुढे तिथे सिनेमे लागले, मग तेही बंद पडले आणि इमारत मोडकळीला आली. १९७० मध्ये ती राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर झाली, मग १९७२ ते ७६ अशी चार वर्षं खर्चून गावातून उचलून टेकडीच्या उतारावर, आज आहे तिथे, पुन्हा उभी केली. तरी नाटक काही नव्हतंच. १९८४ साली टीव्हीच्या एका कार्यक्रमासाठी नाकामुरा किचिएमोन, सावामुरा तोजुरो आणि नाकामुरा कानकुरो हे तीन नट इथे आले, इथे खेळ झालाच पाहिजे असं त्यांच्या मनाने घेतलं आणि १९८५ ला झालाही. तेव्हापासून कोंपिरा काबुकी दरवर्षीचं झालं. २००३ च्या दुरुस्तीत प्रेक्षकांच्या डोक्यावरची बांबूची जाळी परत बसवली, तिच्यातून कागदाच्या पाकळ्यांचा पाऊस पडतो. कोरोनात खंड पडला, मग भूकंपासाठी मजबुतीचं काम निघालं, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये पाच वर्षांनी पडदा उघडला. किमोनोतल्या बायका प्रेक्षकांना जागा दाखवतात, गावातली पोरं रंगमंच फिरवतात.

देवळाला ७८५ पायऱ्या आहेत, अगदी वरच्या देवळापर्यंत १३६८, गुडघ्यांचा विचार करून ठरवा. वाटेत आसाही-शा नावाची इतकी भारी कोरीव इमारत लागते की मोरी नो इशिमात्सु नावाच्या एका गुंडाने तिलाच मुख्य देऊळ समजून हात जोडले आणि तो घरी गेला, अशी गोष्ट सांगतात, तेव्हा तिथून परत फिरू नका. देवळाच्या मोठ्या दरवाज्याच्या आत फक्त पाच दुकानदार, पांढऱ्या छत्र्यांखाली पिवळी कडक मिठाई विकतात, सोबत ती फोडायला इवलासा हातोडा मिळतो.

एक अडचण आहे. रंगमंचाखालच्या तळघराला नाराकु म्हणतात, हा शब्दही आपलाच, नरक. तिथे उतरून ढकलायचे दांडे आणि पाय रोवायला जमिनीत बसवलेले दगड बघता येतात, पण नाटकाचा सीझन नसेल तेव्हाच. म्हणजे एकतर एप्रिलमध्ये जाऊन काबुकी बघा, नाहीतर इतर वेळी जाऊन नरक.