गावात बस पायजे तर महापौराकडं काऊन जाता? अर्ज कुठं करायचा, कोण करू शकतं, कागदं कोणती

जानेवारी २०२६ मधी नागपूर महापालिकेची निवडणूक झाली, मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या हाती असलेला कारभार परत नगरसेवकांकडं आला, आणि आमच्या गावच्या पारावर लगेच ठरलं की आता महापौराला निवेदन द्यायचं. मागणी एकच, बुटीबोरीपर्यंत येणारी शहर बस पुढं आपल्या गावाच्या फाट्यापर्यंत आणा. निवेदन टाईप झालं, शंभरेक सह्या झाल्या, गाडी भाड्यानं ठरली, नारळ बी घेतला एकानं. मग मी इचारलं का बाप्पा, आपण महापालिकेचे मतदार आहो का? सगळे चूप.

या लेखाचं कारण तेच. दोन वेगवेगळी कामं आहेत आणि लोक दोन्ही एकातच घालतात. एक म्हणजे गावात बस मागणं, अन् दुसरं म्हणजे बस कोण खरेदी करतं, कोणत्या दरानं, कोणाच्या सहीनं, हे कागदावर पाहणं. दोन्हीसाठी अर्ज वेगळे, ऑफिसं वेगळी. मी दोन्ही केलेत, पहिल्यांदा चुकलो पण, म्हणून सांगतो.

आधी महापौराचं. नगरपरिषदेचा नगराध्यक्ष आपण थेट मतानं निवडतो म्हणून लोकायले वाटते महापौर बी तसाच. नाही जी. महापौराला नगरसेवक निवडतात, मुदत अडीच वर्षं, आणि पद कोणत्या प्रवर्गाला जाणार ते सोडतीनं ठरतं. महापौर सभा चालवतो, शहराचा पहिला नागरिक म्हणून मान मोठा, वजन वापरून शब्दही टाकू शकतो, पण बसच्या कंत्राटावर सही त्याची नसते. कंत्राट आयुक्त करतात, आणि ठराविक रकमेच्या वरचं असलं तर १६ जणांच्या स्थायी समितीची मंजुरी लागते. बसचं कंत्राट त्या रकमेच्या कितीतरी वर जातं. नागपुरात त्यासोबत परिवहन समिती आणि तिचा सभापती असतो. म्हणजे राजकारण आहेच, पण ते महापौराच्या केबिनीत कमी अन् स्थायी समितीच्या टेबलावर जास्त. स्थायीचा सभापती कोण होणार यासाठी पक्षात एवढी ओढाताण काऊन होते ते आता समजलं असंल.

आता बस "घेतात" म्हणजे काय करतात ते नीट समजून घ्या कारण अर्जात काय मागायचं ते त्यावरच आहे. आजकाल महापालिका बहुतेक वेळा बस इकतच घेत नाही. बस कंत्राटदाराची, ड्रायव्हर कंत्राटदाराचा, देखभाल त्याची, तिकिटाचे पैसे महापालिकेचे, आणि कंत्राटदाराला किलोमीटरमागं ठरलेले पैसे. बस रिकामी धावली तरी किलोमीटरचे पैसे द्यायचेच. केंद्राच्या पीएम ई-बस सेवेत बी हेच, ऑगस्ट २०२३ मधी मंजूर झालेली योजना, देशभर १०,००० इलेक्ट्रिक बसा, ३ लाख ते ४० लाख लोकसंख्येच्या शहरांसाठी, नागपूरच्या वाट्याला १५०. त्यात केंद्र मोठ्या १२ मीटरच्या बसला किलोमीटरमागं २४ रुपये, ९ मीटरच्या मिडीला २२ अन् ७ मीटरच्या मिनीला २० रुपये मदत देते, बाकीचं शहरानं पाहायचं. म्हणून हद्दीबाहेरचा प्रत्येक किलोमीटर शहराच्या हिशोबात खर्च म्हणूनच दिसतो, आणि त्या किलोमीटरवर राहणारा माणूस त्यायले मत देत नाही. हे माझं मत आहे, पण गणित करून पाहा.

नागपूरनं प्रयोग कमी केले नाहीत हेही खरं. इथेनॉलवरची बस देशात पहिल्यांदा २०१४ मधी नागपुरातच फिरली, मग स्वीडनच्या स्कॅनिया कंपनीच्या हिरव्या बसा आल्या, आणि २०१८ मधी कंपनीनं काढता पाय घेतला. उद्घाटनाला सगळे असतात, करार मोडतो तेव्हा फाईल कुठं जाते ते कोणी सांगत नाही. ती फाईल पाहायची तर माहिती अधिकार.

माहिती अधिकाराचा अर्ज कोण करू शकतं

भारताचा कोणताही नागरिक. नागपूरचा रहिवासी असणं, मतदार असणं, घरपट्टी भरलेली असणं, काहीच लागत नाही. महापौराच्या दारात आपण हद्दीबाहेरचे, पण या अर्जात नाही. माहिती कशाला पायजे हे बी सांगायची गरज नाही, कायद्यात तसं साफ लिहिलं आहे, खिडकीवर कोणी इचारलं तर हसून "अशीच" म्हणा. फक्त अर्ज संस्थेच्या, मंडळाच्या नावानं करू नका, स्वतःच्या नावानं करा, कारण हक्क नागरिकाला आहे.

कागदं फार नाहीत. महाराष्ट्राच्या नियमात "जोडपत्र अ" नावाचा नमुना आहे, झेरॉक्सच्या दुकानात मिळतो नाहीतर साध्या कागदावर हातानं तसाच लिहा. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालचे असाल तर स्टॅम्प नको, पण दाखल्याची झेरॉक्स जोडा. आधार कार्ड जोडायची गरज नाही, लोक उगाच जोडतात. प्रती लागल्या तर पानामागं २ रुपये, ते नंतर पत्र येतं तेव्हा भरायचे.

अन् एक अट जी बहुतेकायले माहीतच नसते: आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा अन् १५० शब्दांच्या आत पायजे. मी पहिला अर्ज साडेतीन पानी लिहिला होता, त्यात बस, रस्ता, दवाखाना, एमआयडीसीतल्या नोकऱ्या, सगळं, आणि वर "मा. महापौर साहेब" असं ठळक. तो अर्ज नव्हताच, गाऱ्हाणं होतं. पत्ता जन माहिती अधिकारी, परिवहन विभाग, असा पायजे. चुकून दुसऱ्याच कार्यालयात गेला तर त्यायनं ५ दिवसात बरोबर ठिकाणी पाठवायचा असतो, पण त्या भरवशावर राहू नका.

"बस काऊन नाही देत" असं इचारू नका. कारण इचारलं की उत्तर येतं, असा अभिलेख उपलब्ध नाही, म्हणजे तसा कागदच नाही. कागद मागा. मी दुसऱ्यांदा लिहिलं ते साधारण असं:

"विषय: शहर बस सेवेचं कंत्राट. कालावधी: १ एप्रिल २०२४ ते अर्जाची तारीख. १) सध्याचं कंत्राट मंजूर केल्याच्या स्थायी समितीच्या ठरावाची प्रत. २) करारातलं प्रति किलोमीटर दर असलेलं पान. ३) महापालिका हद्दीबाहेर जाणाऱ्या मार्गांची यादी, रोजच्या फेऱ्या आणि मार्गनिहाय महिन्याचं उत्पन्न. ४) हद्दीबाहेर मार्ग वाढवण्याच्या मागण्यांवरील टिपणीच्या प्रती. माहिती टपालाने पायजे."

बस, एवढंच. पोच घ्या, शिक्का अन् तारीख असलेली, किंवा रजिस्टर पोस्टानं पाठवा अन् पावती सांभाळा. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर "जोडपत्र ब" मधी पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडं, ३० दिवसांच्या आत, २० रुपयांचा स्टॅम्प. तिथंही नाही जमलं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं दुसरं अपील, आयोगाचं खंडपीठ नागपूरला आहे अन् अमरावतीलाही आहे, त्यामुळं मुंबईची चक्कर नाही. माहिती द्यायला विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड आयोग लावू शकतो. कंत्राटाची माहिती "व्यापारी गुपित" म्हणून नाकारतात कधी कधी, तेव्हा अपिलात लिहा की निविदा उघडून काम दिलेलं आहे, सार्वजनिक पैसा आहे, दर गुपित कसा. आणि एक फुकटचा रस्ता, निविदा निघालेली असली तर ती शासनाच्या महाटेंडर्स पोर्टलवर कोणालाही दिसते, मोबाईलवर पाहता येते, त्यासाठी अर्जच नको.

आता खरी बस, म्हणजे एसटी

आमच्यासारख्या गावाला शहर बस नाही, लालपरीच येणार. एसटी महामंडळ राज्याचं, १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखालचं, त्याचा महापौराशी काडीचा संबंध नाही. इथंही बसखरेदीचं राजकारण कमी नाही, ५,१५० इलेक्ट्रिक बसा भाड्यानं घ्यायचं काम २०२३ मधी दिलं गेलं अन् त्या वेळेत आल्या नाहीत, मग १,३१० बसा भाड्यानं घ्यायच्या निविदेला २०२५ च्या सुरुवातीला मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली. हे सगळं मुंबईत होतं पण परिणाम इथं दिसतो, आगारात गाड्या कमी पडल्या की पहिला फटका मुक्कामी गाडीला अन् शेवटच्या गावाच्या फेरीला. तसं हिंगण्याला एसटीची स्वतःची मोठी कार्यशाळा आहे, गाड्यांच्या बॉड्या तिथं बांधल्या जायच्या, आमच्या गावचे दोघं तिथून रिटायर झाले.

नवीन फेरीसाठी ठराविक छापील फॉर्म नाही, साधा अर्ज. तालुक्याच्या आगार व्यवस्थापकाला द्यायचा, प्रत विभाग नियंत्रकाला. सरपंच देऊ शकतो, शाळेचा मुख्याध्यापक, पालक, कोणीही गावकरी. पण एकट्याचा अर्ज फाईलमधी झोपतो. सोबत ग्रामसभेचा ठराव लावा. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला असते, गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० यातलं जे कमी ते. सही घेऊन पळणाऱ्यायले थांबवा, ठराव वाचून मंजूर होईपर्यंत बसवा, नाहीतर पुढं कोणी आक्षेप घेतला की ठराव लटकतो.

दुसरा कागद शाळेचा. किती पोरं-पोरी, कोणत्या वर्गात, कोणत्या गावाहून, शाळा किती वाजता भरते अन् सुटते. वेळ लिहिलीच पायजे, आमच्या शेजारच्या गावाला बस मिळाली पण ती शाळा भरल्यावर अर्ध्या तासानं येते, मागताना वेळच लिहिली नव्हती. तिसरा, रस्ता कोणाचा आहे, जिल्हा परिषदेचा का बांधकाम विभागाचा, अन् त्यावर मोठी गाडी जाते का, पूल-रपटा कसा आहे, वळायला जागा आहे का. एसटीवाले येऊन रस्ता पाहतात, वळायला जागा नसली तर तिथंच संपलं, म्हणून ग्रामपंचायतीनं जागेचं पत्र आधीच द्यावं.

आणि ज्याच्यावर सगळं अडतं तो शब्द, भारमान. म्हणजे गाडीत किती माणसं भरली. गावातले लोक बस मागतात अन् आली की ऑटोत बसतात कारण ऑटो दारात थांबतो, मग दोन महिन्यांत फेरी बंद. म्हणून पास काढा. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे, शाळेचं प्रमाणपत्र लागतं, बाकी पोरांना दोन-तृतीयांश सवलत. बायांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, ७५ च्या वरच्या म्हाताऱ्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून फुकट. हे सगळे प्रवासी आगाराच्या आकड्यात दिसतात, अन् आमच्या आगारात साहेबानं मले सरळ सांगितलं होतं, सह्या नका आणू, पास किती आहेत ते आणा. मानव विकास कार्यक्रमातल्या (मागास तालुक्यांसाठीची सरकारी योजना) तालुक्यात आठवी ते बारावीच्या मुलींसाठी निळी बस वेगळी असते, तुमचा तालुका त्यात आहे का ते गटशिक्षण कार्यालयात इचारा.

अर्ज देऊन महिनाभरात काही कळलं नाही तर परत जोडपत्र अ, ह्या वेळी विभाग नियंत्रक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला: माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर केलेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत. दोन ओळी पुरतात. स्टॅम्प तहसीलजवळच्या विक्रेत्याकडं मिळतो, दहाचा संपला म्हणाला तर पाच-पाचचे दोन लावा, चालतात.