प्लास्टिक प्रक्रिया कारखान्यासाठी आयएसओ १४००१: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची प्रक्रिया

आयएसओ कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. हे पहिल्यांदा ऐकलं की बरेच कारखानदार चक्रावतात. जिनिव्हाची ही संस्था फक्त मानक लिहिते. पर्यावरण व्यवस्थापनाचं १४००१ हे मानक तिने १९९६ मध्ये काढलं, २००४ आणि २०१५ मध्ये सुधारलं. कारखाना तपासून प्रमाणपत्र देतात त्या स्वतंत्र प्रमाणन संस्था, आणि त्यांच्यावर नजर ठेवतात अधिस्वीकृती संस्था. म्हणजे अर्ज करायचा तो प्रमाणन संस्थेकडे. तिला १४००१ साठी अधिस्वीकृती आहे का, हे पैसे भरण्याआधी बघा. ‘चार दिवसांत प्रमाणपत्र, ऑडिट नाही’ असा फोन आला तर तो कागद भिंतीवर लावण्यापुरताच. ग्राहकाला आयएएफ सर्टसर्चसारख्या, प्रमाणपत्रांच्या ऑनलाइन यादीत शोध घेता येतो आणि तिथे पितळ उघडं पडतं.

अर्ज कोण करू शकतं

इंजेक्शन मोल्डिंग, ब्लो मोल्डिंग, एक्स्ट्रुजन, फिल्म, थर्मोफॉर्मिंग, रिसायकलिंग, कुणीही. उलाढालीची किंवा कामगारसंख्येची किमान अट नाही. दोन मशीनचं शॉपही चालतं. अमुक इतकाच कचरा, अमुक इतकंच उत्सर्जन अशी मर्यादाही मानकात नाही. ती तुमच्या ठिकाणचा कायदा ठरवतो. तो कायदा तुम्हाला माहीत असावा, तो पाळण्याची बांधिलकी असावी आणि आपण तो पाळतो का हे तुम्ही स्वतः वेळोवेळी तपासावं, एवढं मानक मागतं. परवान्याची मुदत संपली असेल तर आधी ते काम मार्गी लावा.

व्याप्ती, म्हणजे प्रमाणपत्रात कोणती कामं आणि जागा येतात ते, लिहिताना मात्र चलाखी नको. ‘प्लास्टिक भागांचं मोल्डिंग’ एवढंच लिहून ग्राइंडर रूम आणि भंगाराचं आवार बाहेर ठेवायचं, हा जुना खेळ आहे. ज्या कामातून सगळ्यात जास्त धूळ, आवाज आणि कचरा होतो तेच वगळलं, तर ऑडिटर पहिल्या तासात तिथेच जाऊन उभा राहतो. जॉबवर्क करणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं: मोल्ड ग्राहकाचा, दाणा (कच्च्या प्लास्टिकचा) ग्राहकाचा, तरी सांडलेला दाणा तुमचाच.

अर्जासोबत काय द्यायचं

हा भाग सोपा आहे. कारखान्याच्या नोंदणीचा पुरावा, प्रत्येक ठिकाणाचा पत्ता, प्रक्रियेचं थोडक्यात वर्णन, लागू परवान्यांची यादी, बाहेरून करून घेतलेली कामं आणि सल्लागार घेतला असेल तर त्याचं नाव. नाव अशासाठी, की ज्या संस्थेने तुमची पर्यावरण व्यवस्थापनाची प्रणाली उभी करून दिली तिच्याशी संबंध असलेल्या प्रमाणन संस्थेने दोन वर्षांच्या आत तुम्हाला प्रमाणपत्र द्यायचं नसतं. ‘सल्ला आणि प्रमाणपत्र एकाच छताखाली’ ही जाहिरात सोयीची वाटते, पण ती नियमात बसत नाही.

कामगारसंख्या खरी लिहा. सगळ्या शिफ्ट, कंत्राटी माणसं, अर्धवेळची, सगळी. ऑडिटला किती दिवस लागतील हे या आकड्यावर आणि कामाच्या गुंतागुंतीवर ठरतं, शुल्कही त्यावरच. आकडा कमी दाखवून दिवस वाचवले, तर ऑडिटर रात्रपाळीचा हजेरीपट मागतो आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

प्रणालीची कागदपत्रं: खरं काम इथे आहे

जाडजूड मॅन्युअल लागतं ही समजूत अजून गेलेली नाही. २०१५ च्या आवृत्तीत मॅन्युअल सक्तीचं नाही. सक्तीचं आहे ते असं: लेखी व्याप्ती, पर्यावरण धोरण, पैलू (पर्यावरणावर परिणाम करू शकणाऱ्या कामांच्या बाबी) आणि परिणामांची नोंद, लागू कायद्यांची यादी, उद्दिष्टं, कामगारांच्या प्रशिक्षणाचा पुरावा, मोजमापाच्या नोंदी, कायदा पाळल्याची तपासणी, अंतर्गत ऑडिट, व्यवस्थापन आढावा आणि चुका दुरुस्त केल्याच्या नोंदी.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं पैलूंचं रजिस्टर, ज्याला शॉपवर ‘अॅस्पेक्ट-इम्पॅक्ट’ म्हणतात. इथे बहुतेक जण दुसऱ्या कारखान्याची फाइल आणून नाव बदलतात. मी एका फाइलमध्ये प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देण्याच्या) टाकीतल्या आम्लाची गळती वाचली आहे. त्या कारखान्यात प्लेटिंगच नव्हतं.

रजिस्टर टेबलावर बसून लिहू नका. दाण्याची पोती उतरतात तिथून चालायला लागा. पोतं कापलं की चार दाणे खाली पडतात, हॉपर (मशीनवरचं दाण्याचं नरसाळं) भरताना आणखी दहा. झाडणारा ते पावसाळी गटाराकडे ढकलतो. पीई (पॉलिइथिलीन) आणि पीपी (पॉलिप्रॉपिलीन) हे प्लास्टिक पाण्यावर तरंगतात, त्यामुळे ते प्रवाहाबरोबर नदीपर्यंत जातात. पीव्हीसी आणि पीईटी बुडून गाळात बसतात. गटाराचं झाकण उचला. आत दाणे दिसले तर रजिस्टरची पहिली ओळ तुम्हाला सापडली. उपायही साधाच: गटाराला जाळी, माल उतरवण्याच्या धक्क्यावर व्हॅक्युम, फाटक्या पोत्यांसाठी वेगळा ट्रे. १९९१ मध्ये अमेरिकी प्लास्टिक उद्योगाने सुरू केलेला ‘ऑपरेशन क्लीन स्वीप’ हा उपक्रम याच एका गोष्टीवर उभा आहे.

पुढे मशीनपाशी या. रनर आणि स्प्रू (साच्याच्या वाटेत घट्ट झालेलं जादा प्लास्टिक) किती, त्यातलं किती रिग्राइंड होऊन, म्हणजे पुन्हा दळून, परत जातं, पर्जिंगचे (आधीचं मटेरियल मशीनमधून बाहेर काढण्याचे) गोळे कुठे जातात, हायड्रॉलिक तेलाच्या पिंपाखाली ट्रे आहे का, ड्रायर रिकामा असताना चालू राहतो का. विजेला विसरू नका. मोल्डिंगमध्ये कचऱ्याइतकीच ती मोठी बाब आहे. ‘वीज वाचवू’ हे उद्दिष्ट झालं नाही. दर किलो मालामागे आज किती युनिट लागतात, वर्षअखेर किती लागायला हवीत आणि त्याला जबाबदार कोण, हे लिहिलं की उद्दिष्ट झालं.

आणीबाणीच्या तयारीत आगीबरोबर आणखी एक ओळ हवी. पीओएम (अॅसिटल प्लास्टिक) आणि पीव्हीसी मशीनच्या गरम बॅरलमध्ये, म्हणजे प्लास्टिक वितळतं त्या नळीत, एकत्र आले की विघटन झपाट्याने होतं, फॉर्मल्डिहाइडसारखे घातक वायू सुटतात आणि बॅरलमधला दाब वाढतो. मटेरियल बदलताना पर्जिंग कसं करायचं हे त्या मशीनपाशी लिहिलेलं असावं, आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरला ते तोंडपाठ असावं.

ऑडिट दोन टप्प्यांत

पहिल्या टप्प्यात ऑडिटर कागद आणि जागा बघून तुम्ही तयार आहात का ते ठरवतो. तोपर्यंत अंतर्गत ऑडिट आणि व्यवस्थापन आढावा एकदा झालेला, निदान हाती घेतलेला तरी हवा. नोंदी एकाच बैठकीत, एकाच शाईने भरलेल्या असल्या की ते लगेच कळतं. माझं मत विचाराल तर प्रणाली तीनेक महिने चालवा, रजिस्टरला थोडा तेलाचा हात लागू द्या, मग अर्ज करा. मानकात तीन महिन्यांची अट नाही. हा अनुभवाचा हिशेब.

दुसरा टप्पा शॉपवर. ऑपरेटरला विचारतात, ‘तेल सांडलं तर काय करता?’ फाइलमध्ये भुसा आणि वाळू लिहिलेली असते आणि तो सांगतो, ‘पाणी मारतो.’ एखाद्या ठिकाणची अशी चूक किरकोळ त्रुटीत जाते. सुधारणेचा आराखडा मान्य झाला की पुढे सरकता येतं. कायदा पाळल्याची तपासणी कधी झालीच नसेल तर ती मोठी त्रुटी. ती दूर केल्याची खातरजमा झाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही, आणि दुसऱ्या टप्प्याच्या शेवटच्या दिवसापासून सहा महिन्यांत तसं झालं नाही तर तो टप्पा पुन्हा द्यावा लागतो.

प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं. पहिलं देखरेख ऑडिट प्रमाणपत्राच्या निर्णयापासून बारा महिन्यांच्या आत, पुढे दर वर्षी एकदा. पुनर्प्रमाणनाचं ऑडिट मुदत संपण्याआधी उरकायचं असतं, त्यामुळे तारीख आधीच ठरवून ठेवा. मधल्या काळात मानकाची नवी आवृत्ती आली तर बदलासाठी ठरावीक अवधी मिळतो; अर्ज करतानाच कोणत्या आवृत्तीवर ऑडिट होणार हे लेखी घ्या.

प्रमाणपत्र हाती आलं की मार्केटिंगवाले खोक्यावर प्रमाणन संस्थेचं चिन्ह छापायला निघतात. त्यांना थांबवा. प्रमाणपत्र व्यवस्थेचं आहे, मालाचं नाही. माल प्रमाणित आहे असं भासेल अशा रीतीने ते चिन्ह पॅकिंगवर वापरता येत नाही, आणि आयएसओचा स्वतःचा लोगो तर कुठेच नाही. मालात किती टक्के पुनर्वापरित प्लास्टिक आहे हे ग्राहकाने विचारलं, तर १४००१ चा कागद पुढे करून उपयोग नाही. त्यासाठी मानक वेगळं आणि अर्जही वेगळा.