छोट्या सभागृहात बँड: साउंड भाड्याने नेण्याआधी

स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या कलाकेंद्रात साधारण शंभर-दीडशे खुर्च्या असतात आणि ड्रम्सपासून पहिली रांग तीन-चार मीटरवर. अशा जागेत आवाज कमी पडत नाही, गाण्याचे शब्द कळत नाहीत. म्हणून ‘मोठे स्पीकर द्या’ असे कोणी म्हटले की आम्ही आधी ‘बँडमध्ये काय काय वाजते?’ हे विचारतो.

ड्रम्सचा आवाज बटण फिरवून कमी होत नाही. ड्रमर जोरात वाजवतो, त्याच्यावर गिटारवाला अँप (गिटारचा स्वतःचा स्पीकर) चढवतो, गायकाला स्वतःचा सूर ऐकू येईना की तो मॉनिटर (कलाकारांकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) वाढवायला सांगतो. मॉनिटरचा आवाज माईकमध्ये शिरून पुन्हा मॉनिटरमधून बाहेर पडतो आणि शिट्टी वाजते. उपाय मुळाशीच करावा लागतो. ड्रम्समागे जाड पडदा, खाली सतरंजी (त्याने ड्रम्स सरकतही नाहीत), आणि हलक्या गाण्यांना काड्यांच्या जुडीसारख्या रॉड्स. गिटारचा अँप जमिनीवर असला तर वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांना ऐकू जातो. स्टुलावर तिरका करून त्याच्या कानाकडे रोखा, तो स्वतःहून आवाज उतरवतो.

आठवडाभर आधी आम्हाला वाद्यांची यादी आणि कोण कुठे उभा राहणार याचे हाताने काढलेले चित्र पाठवा. उदाहरणार्थ किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर (काड्यांनी वाजणारा करकरीत ड्रम) आणि वरून एक माईक असे ड्रम्सचे 3, बास 1, गिटार 1, कीबोर्ड 2, गायक 3. एकूण 10 जोडण्या. इथे हमखास फसगत होते. सगळे आवाज एकत्र करणाऱ्या छोट्या मिक्सरवर ‘12’ लिहिलेले असले तरी माईक लावायच्या जागा बहुधा 4 ते 8 असतात, उरलेल्या स्टिरिओ (डाव्या-उजव्या) जोड्या, त्यांत माईक लागत नाही. यादी आधी हातात आली तर योग्य मिक्सर निघतो.

मुख्य स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या डोक्यापेक्षा उंच लावा. बँडच्या मागे कधीही नको. मॉनिटर कुठे ठेवायचा ते माईक ठरवतो. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचे ऐकणाऱ्या) माईकला बरोबर पाठीमागून सर्वांत कमी ऐकू येते, म्हणून मॉनिटर थेट त्याच्या शेपटीसमोर. त्याहून अरुंद ऐकणाऱ्या सुपरकार्डिऑइडला मात्र तिरके मागून, समोरून मोजले तर सुमारे 125 अंशांवर, कमी ऐकू येते; त्याचा मॉनिटर थोडा बाजूला घ्या. आणि गायकांना सांगा, माईकची जाळी मुठीत धरू नका. त्याने माईक चहूबाजूंनी ऐकू लागतो आणि शिट्टी तिथेच सुरू होते.

कीबोर्ड आणि बाससाठी आम्ही डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल माईकच्या केबलमधून पाठवण्याजोगा करणारी डबी) देतो. साधी जॅक केबल पाच-सहा मीटरच्या पुढे गेली की आसपासची घरघर गोळा करते. डीआयपासून पुढे एक्सएलआरने (माईकच्या तीन पिनांच्या केबलने) लांब गेले तरी चालते. सगळी ध्वनियंत्रणा शक्यतो विजेच्या एकाच लाइनवर आणि दिवे वेगळ्या लाइनवर ठेवा, दिवे मंद करणाऱ्या डिमरचा खरखराट टळतो. घूं असा आवाज आला तर डीआयवरचे ग्राउंड लिफ्टचे (फक्त सिग्नलच्या केबलमधला ग्राउंड तोडणारे) बटण दाबून पाहा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र काढू नका. गिटारच्या तारांवर हात आणि ओठ माईकला, अशा वेळी शॉक जिवावर बेततो. रिळावरची एक्स्टेन्शन वायर पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली वायर भाराखाली तापते.

दार उघडण्याच्या किमान तीन तास आधी जागा हवी. मांडणीला तासभर, सगळ्या जोडण्या एकेक करून तपासायला मिळून 15 मिनिटे, साउंडचेकला तासभर, उरलेला वेळ अडचणींसाठी, तो लागतोच. पुष्कळ जण किकपासून सुरुवात करतात. छोट्या जागेत आम्ही गायकापासून करतो: शिट्टी न वाजता आवाज कुठवर चढतो ते पाहायचे आणि बाकीची वाद्ये त्याखाली बसवायची. रिकामे सभागृह घुमते, माणसे भरली की तीक्ष्ण सूर शोषले जातात. म्हणून टोन पहिल्या गाण्यात पुन्हा लावावा लागतो, तेव्हा मिक्सरवाल्याशी कोणी बोलू नये.

दोन बँड असतील तर शेवटी वाजवणाऱ्याचा साउंडचेक आधी, पहिल्याचा शेवटी. म्हणजे पहिल्याची मांडणी जागच्या जागी राहते. ड्रम्स एकच ठेवा, ड्रमरने स्नेअर, झांजा आणि पेडल स्वतःचे आणावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या मानकानुसार 15 मिनिटांची सरासरी पातळी 100 डेसिबलपेक्षा (ए, म्हणजे माणसाच्या कानाला धरून केलेले मोजमाप) जास्त नसावी. मिक्सरजवळ मीटर ठेवा, दारात इअरप्लग ठेवा. लहान मुले स्पीकरपासून लांब बसवा.

सुरू करताना आधी मिक्सर, मग स्पीकरना ताकद देणारा अँप्लिफायर. बंद करताना उलट: अँप्लिफायर आधी, मिक्सर शेवटी. हा क्रम चुकला तर ‘धप्प’ असा दणका स्पीकरच्या कॉइलवर बसतो.