मुंबईच्या समुद्रातलं प्लास्टिक

पावसाळ्यात जुहू, दादर, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जो ढीग दिसतो तो मुंबईच्या समुद्रातल्या प्लास्टिकचा फक्त वरचा थर, बाकीचं खाडीत, तिवरांत, कोळ्यांच्या जाळ्यात आणि तळाशी असतं. यातलं बरंचसं शहरातूनच येतं. नाल्यात टाकलेली पिशवी पहिल्या जोरदार पावसात मिठीत जाते, आणि मिठी म्हणजे विहार-पवई तलावांचं जादा पाणी घेऊन निघालेली जेमतेम १८ किमीची नदी, त्यामुळे माहीमची खाडी गाठायला तिला वेळ लागत नाही. समुद्रातलं प्लास्टिक मोठ्या नद्याच आणतात असं आधी मानायचे, पण २०२१ मध्ये आलेल्या एका जागतिक अभ्यासात दिसलं की शहरांतून वाहणाऱ्या छोट्या नद्यांचा वाटा खूप मोठा आहे, आणि त्यात आपल्या कल्याण-ठाण्याकडच्या उल्हास नदीचं नाव बरंच वर होतं.

मग येतं उधाण. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती साडेचार मीटरच्या वर गेली की तरंगणारं सगळं परत किनाऱ्यावर येऊन पडतं, मरिन ड्राइव्हच्या रस्त्यावरसुद्धा. लोक म्हणतात समुद्राने परत दिलं, पण तो फक्त तरंगणारंच परत देतो ना. पिशव्या, बाटल्यांची झाकणं, थर्माकोल हे पाण्यापेक्षा हलकं. बाटली स्वतः पेट (PET) या पाण्यापेक्षा जड प्लास्टिकची, ती झाकण लावलेलं असेल तर तरंगते, नाहीतर पाणी भरून बुडते. नायलॉनचं तुटकं जाळंही बुडतं. म्हणजे किनारा बघून खाली किती साठलंय याचा अंदाज येत नाही.

तो अंदाज कोळ्यांना जास्त. इथली डोल जाळी म्हणजे खुंटांना बांधलेलं निमुळतं पोतं, ते ओढत न्यायचं नसतं, भरती-ओहोटीचा प्रवाहच बोंबील, जवळा, करंदी आत आणून सोडतो. आणि प्रवाह काही मासे आणि पिशव्या वेगळे करत बसत नाही. शेवटाकडचे आस, म्हणजे जाळ्याची भोकं, अगदी बारीक, त्यामुळे जवळ्यात अडकलेले प्लास्टिकचे तुकडे हाताने वेचावे लागतात, तेवढा वेळ माल उन्हात पडून. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नेमकं त्याच काळात नाले सगळ्यात जास्त कचरा ओततात, म्हणून ऑगस्टमधल्या पहिल्या फेऱ्यांत हा त्रास जास्त. खाडीत हेच प्लास्टिक तिवरांच्या श्वासमुळांना गुंडाळून बसतं, ते काढणं किनारा झाडण्यापेक्षा कितीतरी कठीण, चिखलात मशीन जात नाही.

सफाईचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण वर्सोव्याचं. वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथे सुरुवात केली, २०१६ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा चॅम्पियन्स ऑफ द अर्थ पुरस्कार मिळाला, आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं बाहेर पडून समुद्रात गेली. काम खरंच मोठं आहे, पण नाल्याचं तोंड उघडं असेल तर पुढच्या उधाणाला परत तेच.

कायदे भरपूर झाले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, नाले तुंबण्यात पिशव्यांचंही नाव आलं आणि २००६ मध्ये राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या बंद केल्या. मार्च २०१८ मध्ये सगळ्याच प्लास्टिक पिशव्या आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आली, पहिला दंड ५००० रुपये. १ जुलै २०२२ पासून स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे वगैरे देशभर बंद. भाजीवाल्याकडे पिशवी अजून मिळते, हे मुंबईकराला सांगायला नको.

किनाऱ्यावरून उचललेलं प्लास्टिक वाळू आणि मिठाने इतकं खराब झालेलं असतं की रिसायकलिंगवाले ते सहसा घेत नाहीत, मग ते डम्पिंगवर जातं. शहराची दोन मोठी डम्पिंग ग्राउंड, १९२७ पासूनचं देवनार आणि नंतरचं कांजूरमार्ग, दोन्ही ठाण्याच्या खाडीच्या काठावरच आहेत.