अंगणात आणि रानात पाखरं नांदावीत म्हणून: कामाला हात घालण्याआधी हे वाचा

‘पक्षी यावेत म्हणून काय ठेवू?’ अंगणं आणि रानं पाखरांना राहण्याजोगी करून देणं हे आमचं काम, आणि नवे ग्राहक बहुतेक वेळा इथूनच सुरुवात करतात. दाणे, पाण्याचं भांडं, लाकडी घरटं अशी यादीही मनात तयार असते. आम्ही मात्र आधी अळ्यांबद्दल बोलतो.

चिमणी दाणे खाते, पण तिची पिल्लं दाण्यांवर वाढत नाहीत. त्यांना मऊ, प्रथिनांनी भरलेले किडे लागतात. बहुतेक लहान पक्ष्यांचं असंच आहे. उत्तर अमेरिकेतला चिकॅडी हा जेमतेम 10-12 ग्रॅम वजनाचा पक्षी. त्याच्या एका विणीतली पिल्लं घरट्यातून उडेपर्यंत आईबाप मिळून 6,000 ते 9,000 अळ्या आणतात, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे. एवढ्या अळ्या घरट्याच्या आसपास मिळायला हव्यात, कारण भुकेली पिल्लं सोडून फार लांब जाता येत नाही. म्हणून अंगणातलं एखादं पान कुरतडलेलं दिसलं की लगेच फवारणी करू नका. ते कुणाच्या तरी पिल्लांचं जेवण आहे.

कोणतं झाड लावायचं

अळी मिळेल ते पान खात नाही. झाडं आपल्या पानांत कडू, विषारी द्रव्यं साठवतात आणि ती पचवण्याची ताकद प्रत्येक अळीने ठरावीक झाडांपुरतीच कमावलेली असते. प्लेन टायगर फुलपाखरू रुईवर अंडी घालतं, लाइम बटरफ्लाय लिंबू आणि कढीलिंबावर, रेड पिएरो पानफुटीवर. रुईचा चीक अळीच्या अंगात भिनतो, पुढे फुलपाखरातही राहतो आणि पक्षी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. असं नातं जुळायला फार मोठा काळ जातो. दूरच्या खंडातून आणलेलं शोभेचं झुडूप कितीही फुललं, तरी त्याची पानं खाणारं इथे फारसं कुणी नसतं. फुलातला मध प्यायला फुलपाखरू येईल, पण अंडी घालायला दुसरीकडे जाईल.

त्यामुळे आमच्या रोपांच्या यादीत निम्म्याहून जास्त झाडं त्या-त्या परिसरातली मूळची असतात. जागा असेल तर एक उंबर नक्की लावा, मात्र इमारत आणि पाण्याच्या नळापासून लांब, कारण त्याची मुळं दूरवर पसरतात. उंबराच्या कुळातल्या झाडांना वर्षात निरनिराळ्या वेळी फळं धरतात. बाकीचं रान रिकामं असतं तेव्हा बुलबुल, तांबट, वटवाघळं या झाडांवर तगून राहतात.

झाडं एकाच उंचीची नकोत. वर मोठं झाड, त्याखाली मध्यम, मग झुडपं, मग गवत. शिंपी पक्षी माणसाच्या उंचीच्या झुडपात पानं शिवून घरटं करतो, सातभाई जमिनीवरचा पाचोळा उलटापालटा करत हिंडतात, सुतार पक्षी खोडावर असतो. नुसती हिरवळ आणि तिच्या मधोमध एक उंच झाड असेल, तर यांतल्या बहुतेकांना तिथे आडोसाच मिळत नाही.

वाळलेलं झाड

याबद्दल आम्ही जरा हट्टी आहोत. ‘ते सुकलेलं तेवढं पाडून टाका’ हे वाक्य आम्ही वरचेवर ऐकतो. आमची विनंती असते की खोड घरावर, वाटेवर किंवा तारांवर पडणार नसेल तर ते उभं राहू द्या. धोका असेल तर वरच्या फांद्या उतरवू आणि पुरुषभर उंचीचा, जमला तर त्याहून उंच बुंधा ठेवू.

जिवंत झाडाचं लाकूड कठीण असतं. तांबट आणि सुतार ढोली कोरायला मऊ पडलेलं, वाळकं लाकूड शोधतात. त्यांची वीण झाली की ढोली रिकामी पडते आणि मग खरी रांग लागते. दयाळ, पोपट, पिंगळा, साळुंकी यांच्या चोचींनी ढोली कोरता येत नाही, त्यांना आयतीच हवी असते. म्हणजे एक वाळकं खोड पाडलं की पुढच्या कितीतरी वर्षांची घरं गेली. सालीखालचे भुंगेरे, वाळवी, बुरशी हे सगळं वेगळंच. आडवा पडलेला ओंडकासुद्धा उचलून नेऊ नका. त्याच्याखालची ओल बेडूक आणि गोमींना लागते.

पाचोळ्याचंही हेच. कितीतरी पतंग आणि फुलपाखरांचे कोष पाचोळ्यात किंवा त्याखालच्या मातीत पडून असतात. पाचोळा जाळला की ते सगळे जळतात. वाटा आणि दारासमोरची जागा झाडा, झाडांखाली मात्र पाचोळा असू द्या.

छाटणीच्या फांद्यांचा ढीग करायचा तर जाड ओंडके खाली आडवेतिडवे रचा, वर बारीक फांद्या टाका. खाली पोकळ्या राहिल्या पाहिजेत, तिथे सरडे, सापसुरळ्या, मुंगूस आसरा घेतात. साप येतील का, असं इथे सगळे विचारतात. येऊ शकतात. म्हणून ढीग घरापासून लांब, कुंपणाकडेच्या कोपऱ्यात करतो आणि घराभोवतीची पट्टी मोकळी, स्वच्छ ठेवतो. सापाला घराजवळ आणतात ते मुख्यतः उंदीर, आणि उंदरांना आणतं सांडलेलं धान्य. दाण्यांचे ढीग घालू नका म्हणतो त्याचं हे एक कारण. गर्दीत एकाच जागी टिपणाऱ्या पक्ष्यांमध्ये रोगही झपाट्याने पसरतो.

पाणी

भांडं उथळ हवं, कडेला उतार, मध्ये 5 सेंटिमीटरपेक्षा जास्त खोल नको आणि तळ खरखरीत, म्हणजे पाय घसरत नाहीत. एखादा दगड पाण्याबाहेर डोकावू द्या. मधमाश्या त्यावर बसून पाणी पितात. भांडं झुडपापासून दोन-तीन मीटर अंतरावर ठेवा, म्हणजे मांजराला दबा धरता येत नाही आणि पक्ष्याला पळून लपायला आडोसाही जवळ राहतो. पाणी दोन-तीन दिवसांनी बदला आणि भांडं घासा. डासाचं अंड्यापासून डास होईपर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस जातात. तेवढ्यात पाणी ओतून दिलं की डास होत नाहीत.

रानाच्या तुकड्याचं काम वेगळं

ज्यांच्याकडे शेताच्या बांधालगत किंवा घरामागे झाडीचा मोठा तुकडा आहे, त्यांनी लावण्यापेक्षा काढण्याचा विचार आधी करावा. घाणेरी आणि रानमोडी ही दोन्ही झुडपं उष्णकटिबंधीय अमेरिकेतून जगभर पसरली. ती दाट माजली की खाली दुसरं रोप उगवून येत नाही. पण सगळी एकदम उपटू नका. बुलबुल घाणेरीची फळं खातात, लहान पाखरं तिच्या जाळीत लपतात. दुसरी सोय होण्याआधी जाळी साफ केली तर आहेत ती पाखरंही जातात. आम्ही एका वेळी एक पट्टा काढतो, तिथे मूळची झुडपं लावतो, ती कमरेपर्यंत आली की पुढचा पट्टा घेतो. घाणेरी नुसती वरून छाटली तर आणखी जोमाने फुटते, म्हणून मूळ जमिनीखाली तोडून झुडूप उलटं टाकावं लागतं. नंतरची दोन-तीन वर्षं नवी रोपं उपटत राहावं लागतं, हेही आधीच सांगून ठेवतो.

रानाची कड सरळ रेषेत कापू नका. उंच झाडं, मग झुडपं, मग उंच गवत असा उतरता काठ राहू द्या. गवत एकाच वेळी सगळं न कापता यंदा एक तृतीयांश भाग, पुढच्या खेपेला दुसरा असं कापावं. जमिनीचा एखादा उन्हातला तुकडा उघडाच ठेवा. जगात मधमाश्यांच्या 20,000 हून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक पोळं न बांधता एकेकट्या राहतात आणि बऱ्याच जणी जमिनीत बिळं करून अंडी घालतात.

आम्ही जे करत नाही

बागेत सरसकट कीटकनाशक फवारत नाही. उंदरांसाठी विष टाकत नाही, कारण विष खाऊन सुस्तावलेला उंदीर घुबडाच्या पोटात जातो. अंडी किंवा पिल्लं असलेलं घरटं ज्या फांदीवर आहे ती फांदी तोडत नाही. लहान पक्ष्यांचं अंड्यापासून उडण्यापर्यंतचं सगळं महिनाभरात आटोपतं, तेवढं थांबू.

लाकडी घरटी आम्ही बनवून देतो. चिमणीसाठी 32 मिलिमीटरचं भोक, तळाला पाणी निथळायला छिद्रं, आतून रंग नाही आणि भोकाखाली बसायला दांडी नाही, कारण तिचा उपयोग शिकाऱ्यांनाच होतो. तोंड पाऊस आणि दुपारचं ऊन लागणार नाही अशा बाजूला. पहिलं वर्ष घरटं रिकामं राहिलं तरी हलवू नका.

रात्री बाहेरचे दिवे शक्यतो बंद ठेवा. पतंग दिव्याभोवती फिरत थकतात, खाणं आणि वीण दोन्ही राहून जातं. दिवा लागणारच असेल तर पिवळसर आणि उजेड फक्त खाली पडेल असा वरून झाकलेला घ्या. मोठ्या काचा असतील तर बाहेरून ठिपके किंवा रेघा 5 सेंटिमीटर अंतराने लावा. एखादंच चित्र चिकटवून उपयोग होत नाही, पक्षी त्याच्या बाजूने जायला बघतो आणि काचेवर आदळतो.

आम्ही पाहणीला येण्याआधी

एका सकाळी आणि एका संध्याकाळी अर्धा-अर्धा तास अंगणात किंवा रानाच्या कडेला शांत बसा. कोण कुठे उतरलं, काय टिपलं, दचकलं तेव्हा कुठे लपलं, एवढं कागदावर टिपून ठेवा. पक्ष्यांची नावं येत नसतील तर ‘काळा-पांढरा, शेपटी वर’ असं लिहिलंत तरी आम्हाला कळेल. आम्ही येईपर्यंत पाचोळा झाडू नका आणि कोणतंही झुडूप तोडू नका. तुमच्या टिपणात जो कोपरा सगळ्यात जास्त वेळा येईल, तो आहे तसाच ठेवून त्याच्या बाजूने कामाला लागू.